पुरलेले शेकाटे

ममता मेलेली पाखरं शोधायची. तेच तिचं काम होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

आम्ही यवतमाळच्या कॉलेजात एकत्र होतो. मी मराठी घेतलं, तिनं प्राणिशास्त्र. माझं घर नेरला. तिचं तिथून पुढे, तलावाकाठच्या गावात. हिवाळ्यात तलाव ओसरू लागला की काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर शेकाटे उतरतात. काळे पंख, पांढरं पोट आणि त्या एवढ्याशा देहाला लांबच लांब गुलाबी पाय. त्या गावात कोणी पोरगी ताडमाड वाढली की तिला शेकाटी म्हणतात. ममताला म्हणायचे.

तलावामागच्या टेकाडावर पवनचक्क्या आल्या. गाव त्यांना पंखे म्हणतं. दुसरी रांग तलावाच्या पाळीलगत उभी करायची होती. त्याआधी पहिल्या रांगेमुळे चिखलातले पक्षी मरतात का, हे तपासायला कंपनीनं एक संस्था नेमली आणि संस्थेनं ममताला. रोज सकाळी पंख्याखाली सरळ रेघा धरून चालायचं. गवतात मेलेलं पाखरू दिसलं की फोटो काढायचा, नोंद करायची. पाखरं मरत असतील, तर दुसरी रांग पाळीपासून लांब न्यावी लागणार होती. ममताला तेवढंच हवं होतं.

अख्खा हिवाळा ती चालली. काही सापडलं नाही.

"मग बरंच आहे की," मी म्हणाले.

"बरं काय वं? थवा रोज पंख्यांतून जाते. मी पाह्यते नं. एकही मरत नाही, असं होईन का?"

थंडी सरताना संस्थेचे साहेब आले. शोधणाऱ्याची नजर तपासायची एक रीत असते. संध्याकाळी त्यांनी कोंबडीची मेलेली पिल्लं गवतात टाकली. सकाळी ममताला त्यातलं एकही मिळालं नाही.

"मॅडम, चष्मा लावा," साहेब म्हणाले.

पंख्यांचे चौकीदार उकंडाकाका पुढे झाले. "साहेब, तिले नका बोलू. पिल्लं मी पुरली."

"तुम्ही? कशाला?"

"रोजचंच हाय ते. पाखरू पडलं का मी खड्डा करून झाकून टाकतो. पोरीनं सकाळी सकाळी मढं कायले पाहावं? उपाशीपोटी येते बिचारी."

"कुठं पुरता, काका?" ममतानं विचारलं.

ती कशासाठी येते, हे काकांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं, पंखे तपासायला येते. साहेबांनी चौकीदाराशी बोलायची गरजच काय?

काकांनी जागा दाखवली, कुंपणाच्या कडेला. त्या दिवशी मीही गेले होते. फावडं चाललं. आधी पिसं निघाली, मग हाडं, मग ते पाय. गुलाबी रंग गेला होता, लांबी गेली नव्हती. एकाखाली एक निघत राहिले. काका एकच म्हणत होते, "मले काय माहीत, माय. मले काय माहीत."

ममतानं फोटो संस्थेला पाठवले. उत्तर आलं : रेघेवर चालताना सापडलेलंच धरलं जातं, पुरलेलं नाही.

मग साहेबांनी नजरेची चाचणी परत घेतली. काकांना तेवढ्यापुरतं घरी बसवलं. ममताला सगळी पिल्लं सापडली.

अहवालात ते छापून आलं. शोधणारीची नजर उत्तम, मेलेले पक्षी शून्य. नजर उत्तम, म्हणून शून्य खरं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. खोटं इतकं नीटनेटकं लिहिता येतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तिचे डोळे, तिची पायपीट, तिचं नाव. सगळं त्यांनी वापरलं, तिच्याच विरुद्ध.

दुसऱ्या रांगेला गावाची हरकत नाही, असा ठराव ग्रामसभेत यायचा होता. ममता मला घेऊन गेली. साहेबांनी अहवाल वाचला. ममता उठली.

"हे खोटं हाय. पाखरं मेली. मी स्वतः उकरून काढली."

सरपंच हसले. "अवं शेकाटी, अहवालात नाव तुह्यं, अन् खोटाही तूच म्हनते? आम्ही कोन्त्या ममताचं ऐकावं?"

मंडप हसला. साहेबही हसले. "आम्ही तर मॅडमच्या नजरेचं कौतुकच केलंय."

उकंडाकाका मागे मान घालून बसले होते. बायांच्या बाजूनं त्यांची बायको तुळसाबाई ओरडली, "बोला नं जी! घरी तं लय मोठ्यानं बोलता. इथं काहून तोंडाले कुलूप?"

"नोकरी जाईन," कोणीतरी म्हणालं.

"जाऊ दे," तुळसाबाई म्हणाली. "फावडं माह्या घरचं होतं. मले ठाव हाय."

काका उठले. "हो. पुरले मी. लय होते."

साहेबांनी विचारलं, "कंपनीच्या जागेत खोदायची परवानगी कोणी दिली?"

एवढंच विचारलं. किती पाखरं, कोणती, केव्हा, काही नाही.

"जागा माह्यीच होती," काका म्हणाले.

"होती," साहेब म्हणाले.

मी मंडपाबाहेर उभी होते. मत माझं नव्हतं, गाव माझं नव्हतं. काका खाली बसले. शेजारच्या माणसानं चटई ओढून थोडं अंतर केलं.

सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. कंपनी रस्ता करून देणार होती, पाळीपर्यंत डांबराचा. ठरावाच्या बाजूनं हात भराभर वर गेले. माणसं हात वर करताना काकांकडे बघत नव्हती.

विरोधात ममता, तुळसाबाई आणि मग, जरा उशिरानं, काका.

"झालं मोजून," सरपंच म्हणाले. "ममता, हात खाली घे."

तिनं घेतला नाही.

"पुन्हा मोजा," ती म्हणाली.