दादाने न दाबलेलं बटण

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी उलव्याच्या घरी चहा गाळत होतो. फोन ठेवून मी चहा पूर्ण गाळला, साखर घालून ढवळला आणि सिंकमध्ये ओतून दिला. का, ते सांगता येणार नाही. महिना झाला, डोकं अजून तसंच चालतंय.

माझा थोरला भाऊ. बोनकोड्यातून हाक मारली तर कोपरखैरण्यात ऐकू जावी असा आवाज. त्याच्याच फुप्फुसात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. पाठीत बारीक नळी राहील, हातात बटण असेल, दुखलं की दाबायचं, नळीतून औषध जाईल. दुखणं सोसत बसलात तर खोकता येणार नाही आणि कफ साचेल.

दादाने एकच विचारलं, "बाई, यान नशा येते का?"

"थोडी गुंगी येईल, काका."

तिथेच फिसकटलं. गावदेवीसमोर नारळ ठेवून दादाने दारू सोडली होती. त्यानंतर लग्नाघरी दारू वाहते त्या हळदीच्या रात्रीही त्याने थेंब घेतला नव्हता.

ऑपरेशन छान झालं. नर्स येऊन विचारायची, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" दादा म्हणायचा, "दोन." कपाळावर घाम, मुठीत चादर आणि बटण उशीखाली.

"दादा, दाब ना रे."

"नारल ठेवलाय मी. आन तू कोनाला सांगलास तं तुला गावदेवीची आन हाय."

मी एम.एस्सी. झालेला माणूस. औषध आणि दारू यांतला फरक मला कळतो. तरी गप्प बसलो. देवीला घाबरलो की दादाला, हे अजून ठरत नाही. चौथ्या दिवशी ताप आला, मग न्यूमोनिया, मग... डॉक्टर म्हणाले, एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर असं होऊ शकतं. मला ते पटतं, आणि अर्ध्या तासाने पटेनासं होतं. मी सांगितलं असतं तर दादा आज असता का? कोणाला विचारू?

परवा बोनकोड्याला दादाच्या घरी गेलो. शोकेसमध्ये त्याचं श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र अजून आहे. वहिनी आत होती. मी नळी तोंडात धरून श्वास ओढला. तिन्ही चेंडू सटकन वर गेले. मागे वहिनी उभी होती.

"त्यांना एक पन उचलत नव्हता," ती म्हणाली. "भावजी, खरं सांगा... किती दुखत व्हतं त्यांना?"

"दोन," मी म्हणालो.