वीज बिलाचा कोरा रकाना

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकच्या एका कचेरीत हंगामी नोकरीला होते. काम एकच, सरकारी वसाहतींच्या पाहणीचे फॉर्म संगणकात भरायचे. चपला दाराबाहेर काढून आत जायचं, आणि त्या गारेगार अंधारात पडद्यावर हिरवी अक्षरं उगवत राहायची. दोन खोल्या, पाच माणसं, एक नळ. खुर्चीत बसल्या बसल्या मी अनोळखी घरांतून तरंगत हिंडायचे.

एका जिन्यावरची आठ घरं होती. एका फॉर्मवर भलंमोठं वीज बिल, बाकी सात ठिकाणी रकाना कोरा. कोऱ्या रकान्यावरून संगणक पुढे सरकेना, म्हणून मी मेलीने सातही ठिकाणी शून्य ठोकलं. चार दिवसांनी साहेब सहज बोलले, शून्य बिलाचं घर बंद धरतात, दुरुस्तीच्या यादीतून वगळतात.

फॉर्म पिशवीत घालून भरदुपारी वसाहत गाठली. उन्हात सगळं पेंगत होतं, वाळत घातलेली लुगडीसुद्धा. पहिल्या दारातली बाई म्हणाली, "बिल? आमचा नंबर नव्हता ना ताई तवा!" अख्ख्या जिन्याला मीटर एकच. एका महिन्याचं सगळं बिल एका घराने भरायचं, पुढच्या महिन्यात पुढच्या घराने. मला हसूच फुटलं. बिलाची वाटणी करून मी घरोघरचे आकडे दुरुस्त केले.

शेवटच्या दारात एकटी राहणारी म्हातारी झेंडूचे हार ओवत होती. छत गळायचं, म्हणून अंथरूण तिने दाराशी ओढलेलं. तिच्याकडे एकच बल्ब, त्यामुळे शेजाऱ्यांनी तिला नंबरातून सूट दिली होती. तिचं शून्य खरंच शून्य होतं.

"आजी, शून्य लिहिलं तर घर बंद धरतील."

"म्हंजे?"

"इथे कोणी राहत नाही, असं."

सुई थांबली. "आन् मी?"

ती भिंतीला धरून उठली आणि जिन्यात जाऊन ओरडली, "या महिन्याचं बिल कोणाकडं हाय? वर आणा. माझा नंबर हाय!"

"आजी, कशाला?" खालून कोणीतरी म्हणालं.

"लय दिस सोडलं मला. आता नाय."

बिल वर आलं. एवढ्या पैशांसाठी तिला किती हार ओवावे लागतील, याचा मी मनातल्या मनात हिशेब केला. तरी तिच्या फॉर्मवर मी अख्ख्या जिन्याचं बिल लिहिलं. तिने फॉर्म हातात घेतला, एकेका आकड्यावर झेंडूने पिवळं झालेलं बोट ठेवून तपासलं आणि विचारलं,

"आता हाय ना मी?"