वडिलांचं व्यक्तिस्वातंत्र्य

देवास संस्थानाच्या तेव्हा थोरली आणि धाकटी अशा दोन गाद्या, म्हणून दोन राजे होते. वडील थोरल्या पातीच्या दरबारात नोकरीला, समोरचे काका धाकट्या पातीच्या. रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर दोघांचा वाद रंगे, तोही एकोणिसाव्या शतकातल्या विलायती पंडितांवरून. वडिलांचा पंडित म्हणे, माणूस आधी, समाज मागून. दुसऱ्याचं नुकसान होत नसेल तर ज्याला त्याला मनाप्रमाणे जगू द्यावं. काकांचा पंडित म्हणे, समाज हेच शरीर, माणूस नुसता त्याचा अवयव.

एकदा माझी विधवा आत्या दाराआडून म्हणाली, "दादा, मला इंदूरला जाऊन मास्तरीण व्हायचंय."

काका म्हणाले, "समाजाची घडी विसकटेल." ठीक आहे, ते निदान बोलत तसे वागले. पण वडील? "तुझ्याच भल्यासाठी सांगतो. लोक काय म्हणतील?"

एवढी जाडजूड पुस्तकं वाचून हेच? आत्या कुणाचं काय नुकसान करणार होती? आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

आत्या आत गेली. वाद पुन्हा सुरू झाला. अंधारून आलं होतं, वडिलांना स्वातंत्र्यावरचं पान नीट दिसेना.

त्यांनी आत्यालाच हाक मारली, "जरा कंदील आण गं."