भिमाजी आणि चिखलातले पाहुणे

“पाव्हणा दिसला का हात धरायचा, सोडायचा न्हाई.”

भिमाजी हे इतक्यांदा म्हणायचा, की त्याच्या म्हशीनं एखाद्या सकाळी रेकायचं सोडून तेच म्हटलं असतं तरी गावाला नवल वाटलं नसतं. पण ते नुसतं बोलणं नव्हतं, त्याचं पोट होतं. उभी हयात त्यानं शिर्डीच्या स्टँडवर काढली. एसटी वळून आत शिरली की हा दारापाशी. उतरणाऱ्याचे पाय बघून ओळखायचा, हे माणूस नवस बोलायला आलंय की फेडायला. फेडणाऱ्याला चांगली खोली लागते, बोलणाऱ्याला स्वस्त. मग हातातली पिशवी इतक्या अलगद काढून घ्यायचा, की त्या माणसाला वाटावं, आपला मामाच घ्यायला आलाय. बोलत बोलत त्याला कुठल्यातरी लॉजच्या पायरीशी नेऊन सोडायचा. लॉज दुसऱ्याचं. पाहुणा वर जायचा, भिमाजी खाली उरायचा.

आमची खळवाडी राहात्यापासून आत, पाटाच्या कडेला. तिथं तळ्याच्या बांधालगत भिमाजीचं घर. त्यावर त्यानं एक खोली चढवली होती. पलंग, आरसा, कोऱ्या चादरी आणि बाहेर पाटी, ‘पाहुणचार’. जन्मभर दुसऱ्यांच्या दारी माणसं पोचवली, एकदा तरी कुणी आपणहून आपल्या दारी उतरावं, एवढी एकच हौस त्याला राहिली होती. खोलीत कुणी उतरलं नाही. त्याची बायको छबूबाई तिथं कांदे पसरायची.

“अगं, पाव्हण्याची खोली हाय ती!”

“मग कांदं काय चोर हायत व्हय? त्ये बी बाहेरूनच आल्यात.”

पुढं मोबाईल आले. माणसं गाडीतून उतरायची ती हातातल्या फोनकडं बघत, खोली आधीच ठरवून. पिशवीला हात लावला तर खेकसायची. भिमाजी गावाकडं परतला आणि तळ्याच्या बांधावर बसू लागला. दिवसभर, एसटीची वाट बघितल्यासारखा.

गणपती उठले की आमच्या तळ्याचं पाणी मागं सरू लागतं. घाई करत नाही. म्हातारीनं अंगावरची वाकळ हळूहळू बाजूला सारावी, तसं रोज थोडं सरतं, आणि खालचा काळा, ओला, चकाकता चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर पाखरं उतरतात. मुठीएवढी, मातकट, पोटाशी पांढरी. काडीसारख्या पायांवर तुरुतुरु पळतात, थबकतात, चोच चिखलात खुपसतात, पुन्हा पळतात. सकाळचं ऊन तिरपं पडलं की प्रत्येकाच्या पायाशी एक उलटं पाखरू दिसतं. कुणी त्यांना तुतवार म्हणतं, कुणी चिखल्या. गाव सरसकट चिखलपाखरं म्हणायचं, आणि म्हणून झालं की विसरायचं.

एका हिवाळ्यात पेपरात मथळा आला, ‘खळवाडीत परदेशी पाहुण्यांचे आगमन’. भिमाजीनं तो पारावर मोठ्यानं वाचला आणि चष्मा पुसून परत एकदा वाचला.

“सायबेरियातून! शिर्डीला मद्रासवरनं माणूस आला तर आमी म्हनायचो, लई लांबून आलं. ह्ये तर बर्फातून आलंय! कुनी हात धरला न्हाई, पिशवी वढली न्हाई. आपल्या पायानं माझ्या दारात आलंय!”

“पंखानं,” आसाराम म्हणाला.

आसाराम त्याचा चुलतभाऊ. तळ्याच्या बांधापलीकडं त्याचं वावर. तिथली पाण्याची चारी कधीची फुटली होती आणि पाटाचं पाणी वावरात झिरपून बारा महिने चिखलाचा राडा असायचा. बुजवायचं कधी, असं कुणी विचारलं की आसाराम म्हणायचा, “सोमवारी बघू.” कोणत्या सोमवारी, हे त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच हिवाळ्यात पुण्याची मधुवंती नावाची एक बाई दुर्बीण घेऊन पाखरं बघायला आली. कांदे खाली आले, कोरी चादर उलगडली गेली. ‘पाहुणचार’मध्ये उतरलेलं ते पहिलं माणूस. ती राहिली तोवर भिमाजीनं जिन्यावरून चपला घालून ये-जा केली नाही, आवाज होतो म्हणून. निघताना ती म्हणाली, “काका, पुढच्या मार्गशीर्षात आमची बस भरून आणते. सगळे तुमच्याकडंच येऊ. आणि हे बघा, काही विशेष करू नका हं. तळं आहे तसंच असू द्या.”

आता आमच्याकडं पाहुणा म्हणाला, ‘काही विशेष करू नका’, तर त्याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो. पुरण घाला, पापड तळा, आणि शेजारून चांगल्या कपबशा आणा.

भिमाजी सरपंच आबासाहेबांकडं गेला. आबासाहेबांना गावाच्या अब्रूची फार काळजी, विशेषतः फोटो काढायचे असले की.

“साता समुद्रापल्याडून पाव्हणं येनार, आन् आपन त्येन्ला चिखलात बसवायचं?” आबासाहेब म्हणाले. “भिमाजी, तू शिर्डीत आयुष्य काढलंस. तिथं कुनाला चिखलात बसवलंस का?”

“फरशीवर बसवलं, आबासाहेब.”

“मग!”

पुढच्या उन्हाळ्यात तळं आटलं तसा जेसीबी आला. सगळा काठ मुरमानं बुजवला, त्यावर रोलर फिरवला. पाण्याच्या कडेला दगड रचले, वर पेव्हर ब्लॉकचा रस्ता केला, खांबांवर दिवे लावले. मधोमध सिमेंटचा गुलाबी रोहित पक्षी उभा केला. खळवाडीत रोहित कधी आला नव्हता, पण गुलाबी रंग फोटोत चांगला येतो. रंगाऱ्यानं त्याला रस्त्याच्या बाजूचा एकच डोळा काढला, कारण पाण्याच्या बाजूनं फोटो कोण काढणार? शेजारी फलक लागला: ‘पक्षी विश्रांतीस्थळ. कृपया येथे चिखल करू नये.’

भिमाजी सुखावून गेला होता. शिर्डीतल्या कुठल्याही लॉजपुढं इतकं चकचकीत अंगण नव्हतं.

गणपती उठले, पाखरं आली. एका पहाटे डोक्यावर बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला आणि एक थवा तळ्यावर फिरला. भिमाजी धोतर सावरत पळाला, दोन्ही हात वर करून म्हणाला, “या, या, हिकडं या!” थव्यानं एक गिरकी घेतली, मुरूम बघितला आणि वळला. दुसऱ्या दिवशी भिमाजीनं मुरमावर बुंदी पसरली. इतक्या लांबून आलेल्याला प्रसाद तरी मिळावा. बुंदी कुत्र्यांनी खाल्ली. त्यांनी शेजारच्या वस्तीवर निरोप दिला असावा, कारण त्या हंगामात तळ्यावर जी काही गर्दी झाली, ती कुत्र्यांची. भिमाजी मान वर करून बसायचा. मधुवंतीबाईची बस येणार, दार उघडं, खोली झाडलेली, आणि दाखवायला एक पाखरू नाही.

“येत्याल,” छबूबाई म्हणायची. “कांद्यांनी बी वेळ घेतला हुता.”

मार्गशीर्षातल्या एका रविवारी बस आली. मंडप होता, माइक होता, शाली होत्या, पोहे होते. पोह्यांचा वास गेला म्हणून आसारामही होता. माणसं उतरली, गळ्यात दुर्बिणी. भिमाजी बसच्या दारापाशी उभा होता, पण त्यानं कुणाचे पाय बघितले नाहीत. तो मधुवंतीबाईचं तोंड बघत होता. ती मुरमाकडं बघत होती.

“काका, चिखल कुठं गेला?”

“काढला!” आबासाहेब माइकवरून म्हणाले. “समदा काढला. आता तुमच्या बुटाला मातीचा कण लागनार न्हाई.”

“अहो, ते चिखलातच जेवतात. त्यात अळ्या असतात, बारीक शंख-गोगलगायी असतात, चोच खुपसून तेच खातात. मुरमात काय खुपसणार?”

“बुंदी ठिवली हुती,” भिमाजी हळूच म्हणाला.

कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं.

“ताई, परदेशी पाव्हणं. आमी आपलं…”

“काका, ते पाहुणे नाहीतच. भाद्रपदापासून चैत्रापर्यंत इथंच राहतात. तिकडं बर्फ वितळला की फक्त अंडी घालायला जातात. पिल्लं उडाली की परत इथं.”

छबूबाई चहाचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, “म्हंजी बाळंतपनाला माहेरी जात्यात. सासर हितंच.” मग नवऱ्याकडं वळली. “आन् तुमी नांदत्या सुनंचं सैपाकघर बुजवून दारात बुंदी वाटत बसला!”

तेवढ्यात बांधाच्या पलीकडून तोच बारीक शिट्टीसारखा आवाज आला. आसारामच्या वावरातून थवा उठला, उन्हात पांढरा झाला, वळून मातकट झाला आणि पुन्हा त्याच राड्यात उतरला. सगळ्या दुर्बिणी तिकडं फिरल्या.

“ती व्हय?” आसाराम पोहे गिळून म्हणाला. “ती गणपतीपासून माझ्याच वावरात हायत. म्हनलं, सांगू सोमवारी.”

आबासाहेबांनी माइक सोडला नव्हता. “पुढच्या टप्प्यात,” त्यांचा आवाज तळ्यावर घुमला, “आसारामच्या वावराचंबी सुशोभीकरण करन्यात येईल!” सवयीनं दोन सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आबासाहेब भिमाजीच्या कानाशी वाकले. “आधी सत्कार, मग नाश्ता. पाव्हणं हलता कामा न्हाईत. तूच म्हनतोस ना, हात धरायचा, सोडायचा न्हाई?”

भिमाजीनं वर बघितलं. खोलीची खिडकी उघडी होती, नवा पडदा वाऱ्यानं हलत होता. बसभर माणसं त्याच्या अंगणात उभी होती. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

“आबासाहेब,” तो म्हणाला, “त्या वावरात जेसीबी शिरला तर मी त्याच्याम्होरं आडवा पडंन. आन् आलाच तर हिकडचा मुरूम उचलाया येऊ द्या.” मग आसारामला म्हणाला, “चारी बुजवू नगंस.”

“मी कवा काय बुजवलंय, दादा?”

“तुझा सोमवार येऊ देऊ नगंस.”

“आजपतुर कुटं आलाय?”

भिमाजीनं चपला काढून बगलेत मारल्या. सवयीनं त्याचा हात मधुवंतीबाईच्या पिशवीकडं गेला आणि अर्ध्यातून मागं आला. तोच हात त्यानं वर केला, शिर्डीच्या गर्दीत करायचा तसा. “चला, माझ्यामागं या,” म्हणाला आणि बांध उतरला. माणसं त्याच्या मागून निघाली. जन्मभर जे केलं तेच तो करत होता, आपल्या दारची माणसं दुसऱ्याच्या दारी नेत होता. फक्त या वेळी त्यानं कुणाचा हात धरला नव्हता.

तो जाताना आबासाहेबांनी बघितलं, हातावर घडी घातलेल्या शाली घेऊन. सिमेंटच्या रोहितानं आपल्या एकुलत्या डोळ्यानं बघितलं. आणि छबूबाईनं बघितलं, त्याचे पाय आसारामच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतेपर्यंत. मग तिनं ताटातला एक चहा उचलला आणि बांधावर बसून सावकाश प्यायला.