बंदीतली विमानं आणि मदनूरचा टेम्पो

"सोमवारपर्यंत सगळ्या बंद्या काढून टाका. नाहीतर गेम आम्ही दुसऱ्या कंपनीला देतो." क्लायंट फोनवर एवढंच बोलला आणि त्यानं फोन ठेवला.

हमीदसरांनी माझ्याकडं बघितलं. ते आमचे बॉस, अस्सल हैदराबादी. बंद्या मी लिहिलेल्या होत्या.

गेम ब्राउजरवर खेळायचा. खेळणारा म्हणजे एका विमान कंपनीचा मालक. विमानं घ्यायची, रूट उघडायचे, तिकिटाचे दर ठरवायचे. त्यात राजकारण घालायचं काम माझं. दोन देशांचं बिनसलं की त्यांच्यातली विमानं बंद, खऱ्या जगात होतं तसंच. कागदावर झकास वाटत होतं. खेळणाऱ्यांच्या डोक्याला मात्र ताप झाला. माणसानं जिवापाड राबून रूट बसवावा, आणि सकाळी लॉगिन करावं तर विमानं जागेवर उभी. लोक शिव्या घालून गेम सोडून जायले होते.

हैदराबादेतल्या आमच्या छोट्या कंपनीकडं मोठा क्लायंट हा एकच होता. तो गेला असता तर आमची सगळी टीम घरी बसली असती, आणि पहिला नंबर माझा लागला असता.

"निकाल दो ना अक्का," सर म्हणाले. मी कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातली, म्हणून ऑफिसात सगळे कानडीसारखं अक्काच म्हणायचे.

मला राग आला. "सर, बंद्या काढल्या तर गेममध्ये उरतं काय? नुसतं विमान उडवायचं तर जत्रेतलं घ्यावं की."

"तो सोमवार तक कुछ करके दिखाओ."

मी बंदीचा काळ कमी करून बघितला. कंटाळवाणं झालं. नुकसानभरपाई देऊन बघितली, तर खेळणारे हातपाय हलवायलाच तयार न्हाईत. रविवारी मी ऑफिसात एकटीच डोकं धरून बसले होते. खरं तर त्या दिवशी मी देगलूरला पाहिजे होते. माझ्या मावसभावाचं तिथं लगीन होतं.

तेवढ्यात देगलूरहून आईचा फोन आला. "सगळे आले, तूच तेवढी आली न्हाईस."

देगलूर महाराष्ट्रात, आमचं औराद कर्नाटकात, आणि जवळचंच मदनूर आंध्रात, म्हणजे आताच्या तेलंगणात. सीमेवरून वाद पेटला की दोन्हीकडच्या बस बंद होतात. त्या आठवड्यात तसंच झालेलं. मी विचारलं, "मग वऱ्हाड नेलं कसं?"

"कसं म्हंजी? मदनूरवरून. कर्नाटकाच्या नंबरची गाडी कोण घालतंय इकडं? मदनूरवाल्याचा टेम्पो केला. आंध्राचा नंबर, त्याला कोण अडवायलाय?"

"एवढा वळसा घातला?"

"मग काय लगीन ऱ्हाऊ द्यायचं व्हय? तो टेम्पोवाला तर लई खूश होता. म्हणला, अम्मा, ह्यांचं भांडण असंच चालू द्या."

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. बंदी पडली की माझा प्रोग्राम त्या रूटवरचे प्रवासी शून्य करत होता. जणू भांडण लागलं की माणसांना गावाला जायचंच नसतं. जन्म सीमेवर काढला आणि हे मला सुचलं न्हाई.

मी नियम बदलला. बंदी पडली तरी प्रवासी राहणार. कामाधंद्याचे बरेच जण जाणं टाळतील, पण सोयऱ्याधायऱ्यांकडं जाणारे तिसऱ्या देशावरून वळसा घालतील. त्यांना न्यायला विमानही त्या तिसऱ्या देशाचंच लागेल, कारण त्याला दोघंही अडवत न्हाईत. म्हणजे हुशार मालकानं आधीच तिथं एक लहानशी कंपनी काढून ठेवायची.

सोमवारी क्लायंटला चालवून दाखवलं. तो म्हणाला, "इतक्या लांबून कोण जाईल?"

"ज्याच्या घरी लगीन आहे तो जाईल."

"याला डेटा आहे का?"

"डेटा न्हाई. माझी आई काल गेली होती."

हमीदसरांनी डोळे मिटून घेतले. क्लायंट हसायला लागला. म्हणाला, "महिनाभर चालवून बघू."

महिना लागलाच न्हाई. सगळ्यात जास्त शिव्या घालणाऱ्या खेळाडूनं, ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं अशा एका इवल्या देशात कंपनी काढली. पुढची बंदी पडली आणि तो मालामाल झाला. फोरमवर त्यानं अशी फुशारकी मारली की मंडळी त्या देशावर तुटून पडली. सोडून गेलेलेही परत आले. लोक आता भांडण कधी लागतंय याची वाट बघायला लागले.

क्लायंटनं करार वाढवून दिला. राजकारणाचा सगळा भाग माझ्या हाती आला आणि माझ्या हाताखाली माणसंही आली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी ऑफिसात मी अशी चालले की जमीन माझ्या बापाची.

सर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "अक्का, और दो-तीन मुल्कां लड़ा दो ना."

लढवले. पण तेव्हापासून माझ्या टीममधल्या नव्या माणसाला मी एकच गोष्ट सांगते. दोन देशांत बंदी घालायच्या आधी विचारायचं, पलीकडं कुणाची लेक दिलेली आहे. कारण ती माणसं जाणारच. आपण फक्त भाडं कुणाला मिळणार तेवढं ठरवतो.