शिवलीलाबाईंचा राग

रडणाऱ्या पोराकडे शिवलीलाबाई ढुंकूनही बघत नसत. गप्प पडलेलं पोर दिसलं की मात्र त्या जागच्या जागी थांबत. सात रस्ता चौकातून आम्ही दोघी शाळेला निघालो की कुणाच्या तरी ओट्यावर एखादं मूल निपचित झोपलेलं दिसे, आणि बाई सरळ वर चढून त्याच्या पापण्या उघडून बघत. घरातली माणसं भांडायला धावत. बाईही भांडत. मग खाली उतरून मला म्हणत, "रडतंय ते बरं असतंय, कमल. गप्प पोराची भीती वाटती मला."

आमच्या मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवत, मी त्यांची विद्यार्थिनी. मूळच्या अक्कलकोटकडच्या, चिडल्या की मराठीतून कानडीत शिरत, आणि चिडत तर रोजच. लहान वयात नवरा गेला, तेव्हा सासरच्यांशी भांडून त्या शिकल्या, परगावच्या विद्यापीठात समाजशास्त्र घेऊन एम.ए. झाल्या. आता नोकरी सांभाळून तिथल्याच प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांचं संशोधन चाललं होतं. सोलापुरात तेव्हा या विषयाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. "म्हणजे करता काय तुम्ही?" असं विचारलं की बाई म्हणत, "झाकलेलं उघडून बघते."

त्यांनी बघितलं ते गिरणीच्या चाळीत. भोंगा झाला की बाया कामाला पळत, आणि जाण्याआधी तान्ह्या पोरांना बाळागोळी चाटवत. गोळी अफूची. पोर दिवसभर पडून राही. एकदा मीही बरोबर गेले होते. यल्लव्वा नावाची कामगार बाई मुलाला गोळी देत होती. बाई कडाडल्या, "अगं, विष घालतीस की पोराच्या तोंडात!"

यल्लव्वानं मान वर केली. "मग तुमी बघता का ह्याला? मी मिलात गेल्यावर ह्याचं हितं कोण हाय?"

बाईंनी वाकून पोराच्या पापण्या उघडून बघितल्या. त्या थंडीत यल्लव्वाचं पोर झोपेतून उठलंच नाही. तिच्या दारात बसून बाई रडल्या नाहीत. जमीन खरवडत बसल्या होत्या. त्यानंतर कुठल्याही आईवर त्या चिडलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्यांचा राग तिथून उठला तो थेट गिरणीच्या मॅनेजरसाहेबांकडे गेला. फाटकाजवळ एक खोली द्या, पाळणे आणि दाई मी बघते, एवढंच मागणं होतं. साहेब हसून म्हणाले, "बाई, इथं कापसाच्या गाठींना जागा पुरत नाही. पाळणे कुठं टांगू?"

बाईंनी सगळं प्रबंधात लिहिलं. प्राध्यापकांनी वाचून समजावलं, "भाषा जरा थंड ठेवा. शास्त्र चिडत नसतं."

"शास्त्र नसेल चिडत, सर. मी चिडते की!"

तरीही प्रबंधाला विद्यापीठाचं पारितोषिक मिळालं. समाजशास्त्र विभागाला मिळालेला मोठा मान म्हणून बातमी आली, आणि गावच्या साप्ताहिकानं 'सोलापूरच्या कन्येचा गौरव' असा मथळा दिला. गावाला अचानक बाई आपल्या वाटू लागल्या. सत्कार ठरला. अध्यक्ष मॅनेजरसाहेब, आणि जागा गिरणीचं रिकामं गोदाम! सतरंज्या, तोरणं, गुलाबपाणी. प्राध्यापक मुद्दाम आले होते. साहेब बोलायला उठले. "आमच्या गिरणीतल्या मातांच्या वात्सल्याचा बाईंनी सुंदर अभ्यास केला आहे," असं त्यांनी म्हटलं, आणि त्यांनी प्रबंधाचं एक पानही उलटलेलं नाही हे मला कळलं. टाळ्या पडल्या.

बाई उठल्या. शाल त्यांनी खुर्चीवर ठेवली.

"मी वात्सल्याचा नाही, अफूचा अभ्यास केला. साहेब, मी खोली मागायला आले तेव्हा हे गोदाम कुठं होतं? आज माझ्या कौतुकाला जागा झाली, पोरांना का नव्हती? उद्या रिकामंच ना हे? मग उद्या पोरं घेऊन येते."

प्राध्यापक खाली बघत होते.

आणि त्या खरंच आल्या. सकाळी यल्लव्वानं बायांकडून जुनी लुगडी गोळा केली, खांबांना झोळ्या बांधल्या. मी शाळेला दांडी मारून पोरं धरत होते. दुपारच्या सुटीत बाया धावत आल्या, ओळीनं बसून आपापल्या लेकरांना पाजू लागल्या. यल्लव्वा दुसऱ्याच कुणाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. असं सुंदर काही मी सोलापुरात पुन्हा पाहिलं नाही.

संध्याकाळी रखवालदारांनी झोळ्या सोडून फाटकाबाहेर फेकल्या. दुसऱ्या दिवशी गोदामात छतापर्यंत गाठी रचलेल्या होत्या. यल्लव्वाचं काम गेलं. मॅनेजरसाहेब आमच्या शाळेच्या मंडळावर होते. महिना संपायच्या आत बाईंचंही गेलं. निरोपाला मी म्हणाले, "बाई, आता तरी राग सोडा." त्या खवळल्याच. "सोडू? मग त्यांना बरंच की!"

त्या यल्लव्वाला घेऊन कुर्डुवाडीला गेल्या. तिथं शिकवण्या करत, आणि रेल्वेच्या मजूर बायांची पोरं घरात सांभाळत. काही वर्षांनी विषमज्वरानं गेल्या.

सोलापुरात शोकसभा झाली. अध्यक्ष पुन्हा तेच साहेब. डोळ्यांना कोरडाच रुमाल लावून ते म्हणाले, "बाई फार सोशिक आणि शांत स्वभावाच्या होत्या."

"नव्हत्या!" मी मागच्या रांगेतून ओरडले. सगळ्यांनी माना वळवल्या. मी उभी राहिले. "शांत नव्हत्या. तुमच्यावर चिडल्या होत्या. मरेपर्यंत!"