समोरच्या भाऊंचं मोकळं घर

आमच्या लातूरच्या गल्लीत समोरच्या भाऊंइतकं मोकळं घर कुणाचं नाही. वर्षभर वापरली नाही ती वस्तू घरात ठेवायची नाही, असा त्यांचा नियम आहे. पण ती भंगारात द्यायचं मात्र त्यांच्या जिवावर येतं. मग ते ती उचलून आमच्या बोळात आणून ठेवतात.

"वहिनी, लई मजबूत माल हाय. राहू द्या तुमच्याकडं," म्हणतात आणि हात झटकून जातात. आपण नको म्हणेपर्यंत त्यांचं दार लागलेलं असतं.

असा त्यांचा कूलर आला, लोखंडी कपाट आलं. गच्चीवर नवी टाकी बसवली तेव्हा पाण्याचे दोन निळे ड्रमही आले.

यंदा उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना. भाऊंची टाकी आटली. एका सकाळी ते बादली घेऊन सरळ बोळात शिरले आणि त्यांनी ड्रमचं झाकण काढलं.

"भाऊ, आम्हालाच पिण्यापुरतं उरलंय," मी म्हटलं.

"ड्रम तर आपलाच हाय की," असं म्हणून त्यांनी बादली बुडवली.

भरली बादली घेऊन निघताना त्यांचा पाय कूलरला अडखळला. थोडं पाणी सांडलं. भाऊ थांबले, सगळ्या बोळावरून त्यांनी नजर फिरवली.

"वहिनी, किती अडगळ करून ठेवलाव हो," म्हणाले.